दाखल क्रमांक

आपल्या ग्रंथालयातली दाखल नोंदवही ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिचे रकाने आठवत असतील: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, किंमत, शेरा. अमृतमहोत्सवाच्या या स्मरणिकेत मैदानाबद्दल, स्नेहसंमेलनाबद्दल, आपल्या गुरुजनांबद्दल बरेच जण लिहितील. मला त्या नोंदवहीबद्दल लिहायचं आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी शाळेच्या ग्रंथालयासाठी वेब ॲप्लिकेशन बांधलं आणि त्याचा खरा आराखडा आम्हाला या वहीत मिळाला.

हे २०१७-१८ चं वर्ष. आम्ही तिघं याच शाळेच्या २०१२ च्या दहावीचे, चौथा मित्र लातूरचा, वसतिगृहातला. प्रकल्प कुणाच्या तरी रोजच्या वापरात यावा, एवढी एक इच्छा चौघांचीही होती. दोघांनी पडद्यावरचा भाग घ्यायचा, मी आणि लातूरच्या मित्राने सर्व्हरचा, अशी वाटणी झाली. आमच्या मार्गदर्शक सरांनी मात्र अट घातली: कोड नंतर, आधी एपीआय कागदावर लिहून चौघांनी सह्या करा.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्राउझरमध्ये दिसणारा भाग आणि सर्व्हरवर माहिती सांभाळणारा भाग यांचं बोलणं एपीआयमधून होतं. आमच्या वेळी मुलांना कपाटांपर्यंत जाता येत नसे. देवघेवीच्या खिडकीत चिठ्ठी द्यायची, ग्रंथपाल बाई पुस्तक आणून देत. चिठ्ठीवर काय लिहायचं ते ठरलेलं होतं, त्यामुळे आत बाईंनी कपाटांची जागा बदलली तरी बाहेरच्याला काही बदलावं लागत नसे. एपीआय ही तशी खिडकी. ती पक्की ठरली की दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांसाठी न थांबता काम करू शकतात. आमचं तसंच झालं. सर्व्हर तयार व्हायच्या आधीच पडद्यावाल्यांनी नमुन्याची उत्तरं वापरून आपली पानं उभी केली होती.

रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत जो पीएचडी प्रबंध सादर केला, त्याचं पाचवं प्रकरण सरांनी आमच्याकडून वाचून घेतलं. रेस्ट ही रचनापद्धत त्यात मांडली आहे. प्रत्येक गोष्टीला स्वतःचा पत्ता हवा. त्या पत्त्यावर काय करायचं ते एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात तिच्या, मोजक्या क्रियांनी सांगायचं: वाचण्यासाठी गेट, नव्या नोंदीसाठी पोस्ट, बदलासाठी पॅच, काढून टाकण्यासाठी डिलीट.

पत्ते ठरवायला बसलो आणि पहिल्याच पत्त्यावर वाद झाला. एका कवितासंग्रहाच्या पाच प्रती असतील, तर विद्यार्थी घेऊन जातो त्याची नोंद कशाला जोडायची? दोघांचं म्हणणं होतं, पुस्तकाला जोडा आणि शिल्लक प्रतींचा आकडा कमी करा. उरलेल्या दोघांना ते पटेना. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर आम्ही बाईंकडे गेलो. त्यांनी नोंदवही उघडली. पाच प्रती, पाच ओळी, पाच दाखल क्रमांक. एखादी प्रत हरवली तर शेऱ्यात ‘गहाळ’ लिहिलेलं, जीर्ण होऊन निर्लेखित झाली तर तसा शेरा आणि तारीख. तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला दिलेला नाही. खाडाखोड नाही, ओळ रिकामी नाही.

परतताना एसटीत आमचा आराखडा ठरला. पुस्तकाचं एक कोष्टक, प्रतींचं दुसरं, आणि देवघेव जोडायची ती प्रतीला. प्रतीच्या पत्त्यावरून डिलीट ही क्रिया आम्ही साफ काढून टाकली. प्रत गहाळ होईल, निर्लेखित होईल, पण तिची नोंद राहील. शाळांमध्ये वर्षानुवर्षं हाताने वह्या लिहिणाऱ्या माणसांनी माहिती कशी जपायची याचा केवढा विचार केलेला असतो, हे मला त्या दिवशी समजलं. डेटाबेसच्या तासाला शिकलेले नियम त्या रकान्यांत आधीपासून होते.

मधल्या सुट्टीत खिडकीवर गर्दी होते म्हणून दोन संगणक ठेवायचं ठरलं होतं. मग दोन्हीकडून एकाच दाखल क्रमांकावर एकाच क्षणी नोंद झाली तर? एका प्रतीवर एकावेळी एकच उघडी देवघेव, हा नियम आम्ही थेट पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये घातला. दुसऱ्या संगणकाला सर्व्हर ४०९ हे संघर्षाचं उत्तर देई आणि पडद्यावर साध्या मराठीत येई, ‘ही प्रत आत्ताच दिली गेली आहे.’ इंटरनेट मध्येच गेलं आणि तीच विनंती दोनदा आली तर ती ओळखता यावी, म्हणून ब्राउझर प्रत्येक देवघेवीला स्वतःचा वेगळा क्रमांक देत असे.

सगळ्यात जास्त जीव ओतला तो मराठीसाठी. संगणकात प्रत्येक अक्षराला एक संकेतांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर, आणि क्ष, ज्ञ शेवटी. केवळ संकेतांकांप्रमाणे लावलेली यादी मराठी वाचकाला विस्कटलेली वाटते. पोस्टग्रेसची १० वी आवृत्ती ऑक्टोबर २०१७ मध्ये आली, तिच्यात आयसीयू या सॉफ्टवेअर संचाची भाषावार क्रमवारी वापरता येऊ लागली, आणि आम्ही लगेच तीच आवृत्ती घेतली. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र वेगळे, त्यामुळे शोध रिकामा येतो. साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपं एकाच रूपात आणण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी अतिशय आवडीने केलं. मग आली टोपणनावं. कुसुमाग्रज शोधणाऱ्या मुलाला वि. वा. शिरवाडकरांची नाटकंही दिसली पाहिजेत, केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले एकाच लेखकाच्या नोंदीला जोडलेले पाहिजेत. त्यासाठी लेखकांचा वेगळा पत्ता केला आणि एका लेखकाला कितीही नावं जोडता येतील अशी सोय ठेवली.

नोंदवहीची जुनी पानं टंकायला नववीतली मुलं आली. १९५७ च्या आधीच्या किमती रुपये-आणे-पैंमध्ये होत्या. त्या पैशांत रूपांतरित कराव्यात असं एकाने सुचवलं, पण बाई म्हणाल्या, ‘वहीत आहे तसंच राहू दे.’ किमतीसाठी म्हणून दोन रकाने झाले, एक मूळ मजकुराचा आणि दुसरा हिशेबाचा.

कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटवर आमची एक शिस्त होती: दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय कुणाचाही बदल मुख्य शाखेत जाणार नाही. माझं कोड लातूरच्या मित्राने जितक्या काळजीने वाचलं, तितक्या काळजीने नोकरीतही फार थोड्यांनी वाचलं आहे. त्याचे शेरे मी जपून ठेवले आहेत.

टोपणनावांची यादी अजून अपुरी आहे. जुन्या कवी-लेखकांची माहिती असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ती ग्रंथालयात लिहून द्यावी, ही विनंती. आणि नववी-दहावीतल्या ज्यांना ही नावं भरायची आहेत किंवा सर्व्हरचं काम आतून पाहायचं आहे, त्यांच्यासाठी मी आणि माझी मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीत सकाळी संगणक कक्षात असू.