आमची वाटचाल, आणि ड्रायव्हरची झोप

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचा टुरिस्ट गाड्यांचा धंदा. पहिली गाडी सेकंडहँड ट्रॅक्स, पार्टनर मावसभाऊ, त्यानं जोतिबा-पन्हाळा मारून मारून हप्ते फेडले, आता गावाकडं ऊस बघतोय पण अंबा घाटात त्याच्यासारखा हात आजून कुणाचा बघितला नाही. मधली वर्षं बरी गेली.

वाट लागली २०१९ च्या ऑगस्टमध्ये. राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हणजे धोका, हे इथं शेंबड्या पोरालाबी माहीत असतंय, त्या साली पंचगंगा ५५ च्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद आणि शेडमध्ये आमच्या गाड्या बॉनेटपर्यंत पाण्यात. पाणी उतरल्यावर शेजारच्यांनी घाईनं स्टार्टर मारले आणि कनेक्टिंग रॉड वाकवून घेतले. आम्ही चावीला हात लावू दिला नाही, टो करून उद्यमनगरात नेल्या, इंजेक्टर खोलून सिलेंडरमधलं पाणी काढलं, ऑईल दोनदा बदललं. जरा बस्तान बसतंय तवर लॉकडाऊन. चाकं बंद, हप्ते चालू.

त्यातच आमच्याकडंच तयार झालेल्या एकानं, नाव घेत नाही, रेट पाडून आमचं कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट उचललं. परवडतंय कसं? ड्रायव्हर रात्रभर मुंबईहून येणार आणि आंघोळ करून लगेच गोव्याला. तवा लागू असलेल्या १९६१ च्या मोटार कामगार कायद्यात दिवसाला ८ तास काम आणि ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती, पण वाचत होतं कोण.

रोज तोच रस्ता, तोच टोल, मागचे सगळे मोबाईलात, दिवसभरात ड्रायव्हरशी बोलायचं काय तर "एसी वाढवा". असला माणूस हळूहळू गाडीचाच एक पार्ट होतोय. म्हणून आमच्यात रात्री २ ते ५ गाडी हलत नाही, पार्टी कितीबी तापू दे. घाट चढला की इंजिन बंद, खाली उतरून चहा. मुक्कामाला ड्रायव्हरला खोली, पार्टीनं नाही दिली तर आम्ही देतो, सीटवर झोपायचं नाही.

आमच्या एक रिटायर्ड बाई हायत, दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला. पुढच्या सीटवर बसणार, ड्रायव्हरच्या पोरांचे मार्क विचारणार, येताना त्याच्या घरी कवठाची बर्फी. लॉकडाऊनमध्ये देऊळ बंद, तरी पौर्णिमेला त्यांचा फोन, "भाडं पाठवलंय, दादाला द्या." तेवढ्यावर आमची दोन माणसं टिकली.

नव्या पोरांनो, बायकोचं सोनं गहाण टाकून गाडी घेऊ नका. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढला त्यातच उतरा, न्यूट्रल मारून डिझेल वाचत नाही, ब्रेक तेवढे तापतात.

गेल्या महिन्यात त्याच कंपनीचा फोन आलता. जुनाच रेट सांगितला, रात्रीचा नियमबी सांगितला. "कळवतो" म्हणालेत.