ट्रकअड्ड्यावर एचआयव्हीचं सत्र घेताना: माझा अनुभव

इंदूर आग्रा-मुंबई रस्त्यावरचं. देवास नाका, लोहामंडी, ट्रान्सपोर्ट नगर इथे परतीचा माल मिळेपर्यंत ड्रायव्हर आणि क्लीनर कधीकधी दोन-दोन दिवस थांबून असतात. एचआयव्ही कसा टाळायचा हे त्यांना शिकवायला हीच वेळ हाती असते. माणूस आज इथे आहे, उद्या धुळ्याच्या पुढे. म्हणून माहिती, सराव आणि तपासणी एकाच बैठकीत व्हायला हवी. ‘उद्या दवाखान्यात या’ म्हटलं की तो माणूस गेलाच म्हणून समजा.

सकाळी जाऊन उपयोग नसतो, रात्रभर गाडी चालवून सगळे झोपलेले असतात. दुपारचं जेवण उरकल्यावर, माल भरायला लागण्याआधी जे दोन तास मिळतात ते धरायचे. एका वेळी आठ-दहा जण, त्याहून जास्त नकोत. क्लीनर वेगळे बसवायचे, कारण उस्तादासमोर, म्हणजे त्याच्या ड्रायव्हरसमोर, क्लीनर तोंड उघडत नाही, आणि वयाने लहान असलेल्या त्याच मुलाला कंडोम कसा वापरतात हे कुणी कधी सांगितलेलं नसतं. बोलणं हिंदीतच चालतं. पण गाडीवर एमएच 18 किंवा 19 दिसलं तर मी सरळ मराठीत विचारतो, “काय दादा, घरी कधी गेला होता?” खानदेशचा माणूस मग आपणहून जवळ सरकतो.

विषाणू पसरण्याचे चार मार्ग पाच मिनिटांत सांगून होतात: असुरक्षित संभोग, वापरलेली सुई, बाधित रक्त, आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने होत नाही, हेही तिथेच. खरा वेळ जातो तो ‘गरमी’वर. इंजिनाशेजारी बसून अंगात उष्णता साठते आणि ती बाईकडे गेल्याशिवाय उतरत नाही, असं अनेक ड्रायव्हर मनापासून मानतात. यावर हसलात तर बैठक तिथेच संपली. केबिन तापते हे खरंच आहे, ते आधी कबूल करायचं. मग सांगायचं की घाम, पाणी आणि झोप यांनी अंग आपोआप थंड होतं, संभोगाचा त्याच्याशी संबंध नाही.

त्यानंतर लाकडी मॉडेल आणि निरोधची पाकिटं. मी एकदाच करून दाखवतो आणि मग प्रत्येकाच्या हातात पाकीट देतो. मान सगळेच डोलावतात, चूक मात्र हात चालवल्यावरच दिसते. आधी तारीख बघायची. पाकीट दाबून आत हवा आहे का ते बघायचं, हवा नसेल तर पाकिटाला भोक आहे. कडेने हाताने फाडायचं, दाताने नाही. पुढचं टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि मुळापर्यंत उलगडत न्यायचं. उलटा धरला तर उलगडत नाही. अशा वेळी तोच सुलटा करून लावतात, ते चूक, कारण टोकाला आधीच स्राव लागलेला असू शकतो. नवीन घ्यायचा. काम झाल्यावर ताठरपणा जाण्याआधी मुळाशी धरून बाहेर यायचं, नाहीतर कंडोम आतच राहतो. गाठ मारून कागदात गुंडाळून टाकायचा. दोन कंडोम एकावर एक घालायचे नाहीत, घासून फाटतात.

‘फाटतो हो साहेब’ ही तक्रार नेहमीची. विचारत गेलं की कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक निघतं. पाकीट डॅशबोर्डवर ठेवलेलं, म्हणजे मे महिन्याच्या उन्हात रबर कमजोर झालेलं. किंवा खोबरेल तेल, सरसोंचं तेल, व्हॅसलिन लावलेलं. तेलाने लेटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं. चिकटपणा हवा तर पाण्यावर आधारलेलं जेल वापरायचं. पाकिटं सीटमागच्या पथारीखाली, सावलीत ठेवायची.

तपासणीसाठी पडदा लावलेली वेगळी जागा हवीच. आधी समुपदेशन, मग संमती, मग बोटातून थेंबभर रक्त. निकाल साधारण वीस मिनिटांत येतो. किटवर दिलेल्या वेळेनंतर वाचलेला निकाल धरायचा नाही, आणि किट नीट चाललं हे दाखवणारी कंट्रोलची रेघ उमटली नाही तर चाचणी बाद. एचआयव्हीची रेघ दिसली म्हणजे एचआयव्ही झालाच असं मी कधीही सांगत नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, आणखी चाचण्या होऊन तीन वेगवेगळ्या किटवर पक्कं झाल्यावरच निदान. निकाल निगेटिव्ह आला तरी धोक्याचा प्रसंग अलीकडचा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतो, तेवढा काळ लागण लपून राहू शकते. प्रसंग 72 तासांच्या आतला असेल तर वाट बघायची नाही, त्याच वेळी इंदूरच्या सरकारी एम. वाय. हॉस्पिटलला पाठवायचं. डॉक्टरांनी ठरवलं तर लागण टाळणाऱ्या 28 दिवसांच्या गोळ्या लगेच सुरू होतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं.

लघवीच्या जागी जखम किंवा पू असेल तर ते याच वेळी विचारायचं. अशा जखमेतून एचआयव्ही सहज शिरतो. मेडिकलमधून दोन-चार गोळ्या घेऊन दबलेला गुप्तरोग बरा झालेला नसतो, आणि बायकोवर उपचार झाले नाहीत तर तो परत येतो.

ट्रान्सपोर्टचा मालक कधी निकालाची यादी मागतो. द्यायची नाही. एचआयव्ही-एड्सचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याचा निकाल मालकाला सांगता येत नाही.

निदान पक्कं झालेल्या ड्रायव्हरची अडचण गोळ्यांची. त्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात, पण रोज एकाच वेळी घ्याव्या लागतात. तब्येत स्थिर झाल्यावर काही महिन्यांच्या एकदम मिळू शकतात, फेरा लांबचा असेल तर हे केंद्रात आधीच बोलून ठेवायला मी सांगतो. उठण्याची-झोपण्याची वेळ रोज बदलते, म्हणून मोबाईलवर गजर लावून देतो. 1097 हा हेल्पलाईनचा नंबरही तिथेच सेव्ह करून घेतो, ‘डॉक्टर’ या नावाने. एचआयव्ही लिहिलं तर घरी पोहोचायच्या आत तो पुसून टाकेल.