काउंट आला, मग अजून पथ्य कशाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नपत्रिका घेऊन घरी येणारं प्रत्येक माणूस हेच विचारतं: "ह्यांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट होऊन वर्ष होत आलं, रिपोर्टही नॉर्मल आहेत, मग अजून चारचौघांत का येत नाहीत?" विचारण्यात माया असते. जरा संशयही असतो, की बायकोच जास्त करते.

रिपोर्ट नॉर्मल आहेत, खरंय. पण सीबीसीचा, म्हणजे रक्ततपासणीचा, कागद पेशी मोजतो, त्यांना काम येतं का ते सांगत नाही. नणंदेच्या मूळ पेशी ह्यांच्या हाडांत रुजल्या, न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या वर गेले, म्हणजे 'काउंट आला', तेव्हा मी सिस्टरना पेढे दिले होते. ते साधारण दोन ते चार आठवड्यांत होतं. लिम्फोसाइटचं, म्हणजे बी आणि टी ह्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचं, गाडं मात्र रेंगाळतं. बी पेशींना अँटिबॉडी नीट बनवायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात, आणि ती वयाबरोबर आक्रसत जाते. लहान मुलं लवकर सावरतात. ह्यांची पन्नाशी आली. त्यात नणंदेच्या पेशींनी ह्यांच्याच कातडीवर, आतड्यांवर उठू नये म्हणून सायक्लोस्पोरिन चालू. जी ताकद यावी म्हणून देव पाण्यात घातले, तीच गोळ्यांनी दाबायची!

रक्तगटसुद्धा बदलला, बी पॉझिटिव्हचा ओ पॉझिटिव्ह. नणंद राखीला म्हणाली, "दादा, आता ओवाळणी दुप्पट."

लहानपणीच्या लसींचा असरही बहुतेक जातो. धनुर्वात, घटसर्प, पोलिओ, सगळं पहिल्यापासून. मिरजेत लसीकरणाच्या खोलीत मांडीवर लेकरं घेतलेल्या बायका. सिस्टर म्हणाल्या, "बाळ कुठाय?" मी बाहेर पायरीवर मास्क लावून उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

खरा जीव तुटतो तो मार्केट यार्डासाठी. सगळी उमर हळदीच्या सौद्यात गेली. पण पोती हलवली की जी धूळ उडते, तिच्यात अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असू शकतात. तुमच्या-माझ्या फुफ्फुसात ते निकालात निघतात, ह्यांच्या फुफ्फुसात घर करतील. म्हणून सौदे फोनवर. भाव ऐकून आवाज चढला की मला बरं वाटतं.

गोवराची लस जिवंत विषाणूची, म्हणून ती निदान दोन वर्षांनी; तीही सायक्लोस्पोरिनसारखी औषधं सुटली असतील तर. तोवर पुतण्यांच्या लसी वेळेवर झाल्यात का, ते मीच बघते.

तेव्हा लग्नाला मी एकटी येईन. तुम्ही घरी जरूर या, सर्दी-खोकला असेल तर मात्र फोनवरच बोला. हार-गुच्छ नको. भडंग आणलंत तर पाकीटबंद आणा.