आमची वाटचाल : ५१८४ तास

हँग होणारा डेस्कटॉप हेच आमच्या फर्मचं खरं भांडवल. पूर्ण बंद पडलेलं मशीन सोपं असतं. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेलाय की मदरबोर्ड, हे अर्ध्या तासात कळतं. पण दिवसातून दोनदा मध्येच थिजणारं आणि बेंचवर आणलं की शहाण्या मुलासारखं चालणारं मशीन हातात घ्यायला कोणी फारसं राजी नसतं. ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. २००३ साली सुरुवात केली तेव्हाच आम्ही ठरवलं, की असं मशीन परत पाठवायचं नाही आणि कारण सापडल्याशिवाय फॉरमॅट मारायचं नाही.

तेव्हा ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझा भागीदार. ती खराब कॅपॅसिटरची वर्षं होती. या धंद्यातल्या जुन्या माणसाला वेगळं सांगायला नको. सीपीयूच्या सॉकेटशेजारी रांगेने उभे असलेले कॅपॅसिटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे डबे, वरून फुगायचे, काहींच्या टोपीवरच्या खाचेतून तपकिरी द्रव येऊन वाळलेला असायचा. प्रोसेसरला मिळणारा व्होल्टेज स्थिर राहत नसे आणि मशीन हँग व्हायचं. लोक तीनतीनदा विंडोज टाकून थकलेले असायचे.

भागीदाराचा सोल्डरिंगचा हात असा, की मी आजवर तसा दुसरा पाहिला नाही. मदरबोर्डवर कॅपॅसिटरचा ग्राउंडचा पाय काढणं अवघड असतं, कारण आतला तांब्याचा थर सगळी उष्णता ओढून घेतो. २५ वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने तिथलं सोल्डर वितळत नाही, आणि जोर लावला तर भोकातला मुलामा उखडून येतो. तो ६० वॉटची इस्त्री घ्यायचा, आधी थोडं नवीन सोल्डर द्यायचा, जुनं-नवं एकजीव झालं की पंपाने ओढून घ्यायचा. नवा कॅपॅसिटर लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला), १०५ अंशांपर्यंत चालणारा, क्षमता म्हणजे मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढा किंवा जास्त. जुना काढण्याआधी वजा खुणेची पट्टी कुठल्या बाजूला होती याचं छोटं चित्र तो जॉब कार्डाच्या मागे काढायचा. ‘डोक्यावर विश्वास ठेवायचा नाही, कागदावर ठेवायचा,’ हे त्याचं वाक्य. मशीन आलं की तारीख, वेळ, लक्षण, वाचलेला प्रत्येक आकडा कार्डावर लिहायचा, ही शिस्त त्याने लावली. पुढे घरच्या अडचणीमुळे तो धंद्यातून बाहेर पडला. जाताना इस्त्री माझ्या हातात देऊन गेला. टीप तीनदा बदलली, इस्त्री तीच आहे.

नंतरची काही वर्षं काम वाढत गेलं, दोन मुलं हाताखाली आली, एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची कंत्राटं, मिळत गेल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मे २०११ मध्ये एका पॅथॉलॉजी लॅबने आमच्याकडून नऊ डेस्कटॉप घेतले. तोवरचा आमचा सगळ्यात मोठा व्यवहार. मशीन दिवसरात्र चालू राहणार, म्हणून मी आग्रहाने हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, सुचवली. मॉडेल एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचं, त्या वेळी सगळे वाखाणत होते ते. त्याच खोक्यातली दहावी एसएसडी आमच्या छापखानेवाल्या काकांच्या डीटीपीच्या मशीनमध्ये बसवली. सात महिने एक तक्रार नाही.

डिसेंबरमध्ये एका दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत लॅबची चार मशीन हँग झाली. दुसऱ्या दिवशी आणखी चार. माउसचा बाण हलतोय, पण क्लिक केलं की काही होत नाही. थोड्या वेळाने एफ४ कोडची निळी स्क्रीन. पॉवर बंद करून चालू केलं की मशीन ठणठणीत, आणि तासाभराने पुन्हा तेच.

आधी वीजपुरवठ्याचा संशय घेतला. मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्टची लाइन लोडवर, म्हणजे मशीन काम करत असताना, ११.९ दाखवत होती. ११.४ ते १२.६ ही मर्यादा, म्हणजे एसएमपीएस निर्दोष. (इथे एक सांगतो. हिरवी वायर काळीला जोडून रिकामा एसएमपीएस फिरवायचा आणि १२ दिसले म्हणून पास करायचा, ही सवय सोडा. लोडवर मोजा.) प्रोसेसरचं तापमान पाहिलं, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या चारही पिना दाबून पाहिल्या. एलजीए ७७५ या प्रोसेसरच्या सॉकेटपासून त्या प्लॅस्टिकच्या पिनांपैकी एखादी अर्धवट सुटते आणि सगळे दोष विंडोजला देत बसतात, म्हणून ही तपासणी आम्ही कधी चुकवत नाही. सगळं जागच्या जागी होतं. मग रात्री रॅम तपासणारी मेमटेस्ट लावली. सकाळी पाहिलं तर एकही चूक नाही, आणि नऊ तासांत मशीन एकदाही अडकलं नव्हतं.

मी तिथेच थांबून विचार करायला हवा होता. विंडोजमध्ये दर तासाला अडकणारं मशीन मेमटेस्टमध्ये रात्रभर चालतं, म्हणजे रॅम, प्रोसेसर, बोर्ड या सगळ्यांवरचा संशय उतरतो. मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून चालते, डिस्कला हातही लावत नाही. दुसरी खूण विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, होती. हँग झालेल्या वेळेची एकही नोंद नाही, फक्त नंतरची कर्नेल-पॉवर ४१. ४१ हे कारण नसतं. मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. पण डिस्कवर चूक झाल्याची नोंदसुद्धा होत नाही, याचा अर्थ त्या क्षणी डिस्कच नाहीशी झालेली असते. हे माझ्या लक्षात यायला चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांनी आम्हाला जवळजवळ संपवलं.

डिस्ट्रिब्यूटरकडे दोन एसएसडी पाठवल्या. त्यांनी दहा मिनिटं टेस्ट करून ‘दोष आढळला नाही’ असा शिक्का मारून परत दिल्या. तासाने होणारा आजार दहा मिनिटांत कसा दिसेल? मी फोनवर तीनदा समजावलं. एकदाही कोणी ऐकून घेतलं नाही.

याच वेळी आमचे एक स्पर्धक लॅबमध्ये शिरले. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनी मॅनेजरना सांगितलं, की या लोकांनी वापरलेला माल नवा म्हणून घातलाय. ही गोष्ट आठवड्यात आमच्या बाकीच्या ग्राहकांपर्यंत पोचली. चार एएमसी गेल्या. ज्यांच्या मशीनला काही झालेलं नव्हतं, त्यांच्याही.

त्या दिवसांत छापखानेवाले काका स्वतः आपलं मशीन रिक्षात घालून घेऊन आले. म्हणाले, ‘तुझ्याबद्दल बरंच कानावर येतंय. माझं मशीन उत्तम चाललंय, पण त्यात तोच माल आहे ना? तुला काही ताडून बघायचं असेल तर दोन दिवस ठेवून घे.’ ऐन कामाचे दिवस, आणि दोन दिवस छापखान्यातलं डीटीपी बंद. माझ्यावर असा विश्वास त्यांच्याशिवाय कोणी ठेवला नाही.

काकांच्या मशीनवर डिस्कची माहिती दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. एसएसडी तीच, फर्मवेअर (एसएसडीच्या आतलं सॉफ्टवेअर) तेच, मदरबोर्डही तोच. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्या यादीत सगळं हिरवं. फरक एकाच ओळीत होता. ०९, म्हणजे पॉवर-ऑन तास, डिस्क आजवर एकूण किती तास चालू होती ते. काकांचे १,८४७. ते रोज संध्याकाळी मशीन बंद करून घरी जातात. लॅबच्या मशीनची जॉब कार्डं काढली. पहिल्यांदा हँग झाल्यावर लगेच वाचलेले आकडे दोन कार्डांवर लिहिलेले होते. दोन्हींवर ५१८४. भागीदाराने लावलेल्या शिस्तीने त्या रात्री मला वाचवलं. ५१८४ भागिले २४, बरोबर २१६ दिवस. मेच्या मध्यापासून मोजा, डिसेंबरच्या मध्यावर येता.

लॅबचं नववं मशीन अजून हँग झालेलं नव्हतं. रिपोर्ट छापायचं टेबल बदललं तेव्हा ते आठ दिवस बंद होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी त्याचा आकडा वाचला, ५१६१. मॅनेजरना कागदावर लिहून दिलं : हे मशीन बंद करू नका, उद्या दुपारी तीन ते चारच्या दरम्यान हँग होईल. दुसऱ्या दिवशी तीन वाजून चाळीस मिनिटांनी ते हँग झालं. मी तिथेच उभा होतो.

मला वाटलं, आता तरी पटेल. मॅनेजरनी शांतपणे विचारलं, ‘तुम्हाला वेळ आधीच माहीत होती, म्हणजे तुम्हीच आत काही घालून ठेवलंय का?’ हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कोणी भरवला हे मला तेव्हाही माहीत होतं. आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की माझी झोप जाते.

जानेवारी २०१२ मध्ये त्या कंपनीने नवं फर्मवेअर काढलं. सोबतच्या माहितीत स्वच्छ लिहिलं होतं : पॉवर-ऑनचे ५१८४ तास झाल्यावर ड्राइव्ह प्रतिसाद देणं थांबवते, पॉवर बंद-चालू केल्यावर परत येते आणि पुढे दर तासाला हेच घडतं. स्मार्टच्या मोजणीला मिळणारं चुकीचं उत्तर हे कारण. डेटाला धक्का नाही. आमच्या जॉब कार्डावरचाच आकडा. मी तो कागद छापून आणि कार्डं बरोबर घेऊन लॅबमध्ये गेलो. तोवर स्पर्धकांनी नऊही मशीनमध्ये साध्या हार्ड डिस्क बसवल्या होत्या. हँग होणं अर्थातच थांबलं होतं आणि श्रेय त्यांना मिळालं होतं. मॅनेजरनी कागद न वाचता बाजूला ठेवला. आम्ही नऊ एसएसडींचे पैसे हप्त्यांनी परत केले. एका मुलाला कामावरून कमी करावं लागलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तरुण मुलं शिकायला येतात, त्यांना मी हेच सांगतो. मशीन हँग झालं की आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा बदलतोय तर विंडोज अजून जिवंत आहे, ड्रायव्हर किंवा डिस्कची वाट बघतंय. दिवा ढिम्म, तर रॅम, पॉवर, उष्णता यांच्याकडे वळा. एका वेळी एकच भाग बदला. दोन बदलले आणि मशीन सुधारलं, तर दोष कुणाचा हे कधीच कळणार नाही. स्मार्टमध्ये सी५ (नीट वाचता न येणारे डिस्कचे भाग) वाढत असेल तर त्याच क्षणी बॅकअप घ्या, पण सी७ (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्क बदलायची घाई नको, आधी डिस्क जोडणारी साटा केबल बदला. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरा. फर्मवेअर बदलण्याआधी बॅकअप, यात सूट नाही. आणि आलेला प्रत्येक आकडा कागदावर लिहा, तेव्हा निरुपयोगी वाटला तरी.

काकांच्या एसएसडीचं फर्मवेअर मी स्वतः छापखान्यात जाऊन बदललं. ती पुढे एकदाही अडकली नाही. पुढच्या वर्षभरात गेलेल्या चारपैकी तीन एएमसी परत आल्या, तिन्ही काकांच्या शब्दावर. लॅब परत आली नाही.

त्या नऊ एसएसडी लॅबने एका पिशवीत घालून परत पाठवल्या होत्या. सगळ्यांचं फर्मवेअर बदललं, पण एकही विकली नाही. त्यातली एक आमच्या टेस्ट बेंचच्या मशीनमध्ये आहे. परवा ०९ ची ओळ पाहिली, ३८ हजार तास उलटून गेलेत. आकडा तारखेसह कार्डावर लिहून ठेवला.