जॅनिसचं पुढे काय झालं?

घरी कुणी आलं आणि मी जॅनिस मार्टिन, ती पन्नासच्या दशकातली अमेरिकन रॉक अँड रोल गायिका, लावली की पहिला प्रश्न ठरलेला: "जॅनिस म्हणजे जॉप्लिन ना?" नाही हो, ती साठच्या दशकातली रॉक गायिका, नंतरची. दोन गाणी झाली की दुसरा: "आवाज तर जबरदस्त आहे. मग हिचं नाव कसं कधी ऐकलं नाही? पुढे काय झालं हिचं?" माझी मावशी तेवढंही विचारत बसली नाही. चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "लग्न झालं असेल."

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मावशीचं अर्धं बरोबर आहे. लग्न झालं होतं, पण पहिली रेकॉर्ड निघायच्या आधीच.

जॅनिस १९४० साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात सदरलिन नावाच्या लहानशा गावात जन्मली. तेरा-चौदा वर्षांची असताना ती रिचमंडच्या रेडिओवर 'ओल्ड डोमिनियन बार्न डान्स' या कार्यक्रमात गिटार घेऊन गायची. कार्यक्रम कंट्री गाण्यांचा होता आणि पोरीला त्या गाण्यांचा कंटाळा आला होता. तिचा जीव जडला होता रूथ ब्राउनवर. रूथ ब्राउन कृष्णवर्णीय, ऱ्हिदम अँड ब्लूज गाणारी, आणि तीही व्हर्जिनियाचीच, पोर्ट्समथची. हे नाव लक्षात ठेवा.

त्याच रेडिओ स्टेशनवरच्या दोघांनी 'विल यू विल्यम' हे गाणं रचलं आणि नमुना म्हणून जॅनिसकडून गाऊन घेतलं. तो नमुना न्यूयॉर्कला पोचला आणि आरसीए व्हिक्टर कंपनीला गाण्याबरोबर गाणारीही हवीशी वाटली. मार्च १९५६ मध्ये नॅशव्हिलला रेकॉर्डिंग झालं, गिटारवर साक्षात चेट ॲटकिन्स, नॅशव्हिलचा नामांकित गिटारवादक. तिला सोळा पूर्ण व्हायला अजून काही दिवस होते.

त्या रेकॉर्डची दुसरी बाजू मला जास्त प्रिय आहे. 'ड्रगस्टोअर रॉक अँड रोल'. हे गाणं तिने स्वतः लिहिलेलं. इथे मला दर वेळी थांबून समजावावं लागतं, कारण आपल्याला औषधांचं दुकान म्हटलं की प्रिस्क्रिप्शन आणि क्रोसिन आठवतं. तिकडच्या ड्रगस्टोअरमध्ये सोडा-आइस्क्रीमचा काउंटर असायचा, ज्यूकबॉक्स असायचा, शाळा सुटली की पोरंपोरी तिथेच. म्हणजे आपला इराण्याचा कोपराच म्हणा, फक्त मागे गोळ्यांच्या बाटल्या. पंधरा वर्षांची मुलगी आपल्या रोजच्या अड्ड्यावर गाणं लिहिते आणि कुणाची परवानगी न मागता गाते. आवाजात किंचित खर, शब्द तोडायची लकब, आणि कुठेही लाडिकपणा नाही.

रेकॉर्डच्या साडेसात लाख प्रती खपल्या असं सांगतात. कंपनीने काही महिन्यांपूर्वीच रॉक अँड रोलचा उगवता तारा एल्व्हिस प्रेस्लीला करारात बांधलं होतं, तेव्हा जाहिरातीला शब्द तयारच होता: 'फीमेल एल्व्हिस'. मला या बिरुदाचा मनस्वी राग आहे. एल्व्हिसशी तिची भेट झाली ती ओझरती. दोघं पाणी पीत होते एकाच विहिरीचं, कृष्णवर्णीय गायक-गायिकांच्या, पण जगाला वाटलं हिने घागर त्याच्या घरून भरली. त्याच वर्षी कंपनीने तिच्याकडून 'माय बॉय एल्व्हिस' असं गाणंही गाऊन घेतलं. स्वतःचं गाणं लिहिणाऱ्या मुलीला दुसऱ्याची चाहती करून टाकलं.

आता लग्नाचं. नवरा सैन्यात, पॅराट्रूपर. लग्न गुपचूप झालेलं. कंपनीला खपवायची होती शाळकरी पोर, कुणाची बायको नव्हे. १९५७ साली ती सैनिकांसाठीच्या कार्यक्रमांना युरोपला गेली, नवरा तेव्हा जर्मनीत होता. भेट झाली, दिवस राहिले, आणि १९५८ साली आरसीएचा करार संपला.

त्याच १९५८ मध्ये त्याच कंपनीचा एल्व्हिस सैन्यात भरती झाला आणि तोही जर्मनीलाच गेला. तो दोन वर्षं नसणार म्हणून कंपनीने त्याची गाणी आधीच साठवून ठेवली आणि पुरवून पुरवून बाजारात सोडली. पुढे फार बोलायची गरज पडत नाही. इथवर आलं की समोरच्याचा चहा गार झालेला असतो.

१९६० मध्ये पॅलेट या बेल्जियन कंपनीसाठी तिने चार गाणी केली, आणि मग दुसऱ्या नवऱ्याला हे गाणंबजावणं खपेना. म्हणजे मावशीचा नेम चुकला नव्हता, फक्त लग्न दुसरं निघालं. डॅनव्हिलला तिने पोलीस खात्यात नोकरी केली, नंतर एका गोल्फ क्लबचा कारभार पाहिला. पुढे युरोपात रॉकाबिलीचं, म्हणजे कंट्रीच्या बाजाच्या त्या जुन्या रॉक अँड रोलचं, वेड पुन्हा उसळलं, बेअर फॅमिली या जर्मन कंपनीने तिच्या जुन्या रेकॉर्ड काढल्या, आणि तिकडच्या पोरांनी तिला स्टेजवर बोलावलं. १९९५ साली रोझी फ्लोरेस या अमेरिकन गायिकेने तिला आपल्या अल्बममध्ये गायला लावलं.

याच रोझीने एप्रिल २००७ मध्ये तिला टेक्सासच्या ब्लँको गावी नेऊन नवा अल्बम करून घेतला. त्याच वर्षी जानेवारीत तिचा मुलगा गेला होता, १९५८ मध्ये झालेला तोच. सप्टेंबरात कॅन्सरने तीही गेली, सदुसष्टाव्या वर्षी. अल्बम निघायला २०१२ उजाडलं.

मावशीला मी तोही ऐकवला. आवाज जाड झालाय, पण शब्द तोडायची लकब तीच. एका गाण्यापाशी तिने मान डोलावली आणि विचारलं, "हे कुणाचं?"

रूथ ब्राउनचं.