वारांगरच्या खडकावरचे ओरखडे

सव्वीस वर्षं मी फळ्यावर एकच आकृती काढत आले. खाली वालुकाश्माचा सपाट थर, त्याच्या पाठीवर बारीक समांतर रेघा, म्हणजे हिमनदीने सरकताना दगड घासत नेल्याचे ओरखडे, आणि वर माती, वाळू, खडे, धोंडे असं सगळं एकत्र कोंबलेला ढीग. आकृतीखाली लिहायचे, ‘बिग्गनयार्गा, उत्तर नॉर्वे. सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वीचा हिमोढ (हिमनदीने वाहून आणून टाकलेला ढीग).’ मुलं वहीत उतरवून घ्यायची. त्या जागी मी स्वतः कधी गेलेले नव्हते.

निवृत्त झाल्यावर यंदाच्या जूनमध्ये गेले. भाची सहा वर्षं नॉर्वेत राहते. ती म्हणाली, “मावशी, तू ये फक्त, गाडी मी चालवते.” नॉर्वेच्या ईशान्य टोकाला, रशियाच्या सीमेजवळ, बॅरेंट्स समुद्रात घुसलेलं वारांगर द्वीपकल्प आहे. बिग्गनयार्गा त्याच्या अगदी तोंडाशी, फियोर्डच्या (जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या फाट्याच्या) आतल्या टोकाला, कार्लेबोत्न गावाजवळ. इथल्या मूळच्या सामी लोकांच्या भाषेत ‘न्यार्गा’ म्हणजे समुद्रात शिरलेलं जमिनीचं टोक. नावातच भूगोल सांगितलेला.

रस्त्यापासून थोडं चालून किनाऱ्यावर पोचलो आणि तो खडक दिसला. पुरुष-दीड पुरुष उंचीचा, तपकिरी, खडबडीत. वर्गातल्या माझ्या आकृतीपेक्षा बराच लहान. १८९१ साली भूवैज्ञानिक हान्स रॉइश यांनी याच खडकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. आपल्या ओळखीच्या हिमयुगाच्या कितीतरी आधी पृथ्वीवर हिमनद्या होत्या, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या पुराव्यांपैकी हा एक. पुढे या काळातल्या हिमयुगाला वारांगरचंच नाव दिलं गेलं.

ढगाळ दुपार होती. वरचा धोंड्यांचा थर स्पष्ट दिसला. त्यातले दगड लहान-मोठे, आकारानुसार अजिबात न निवडलेले. नदी असे दगड टाकत नाही, ती वजनाप्रमाणे वेगळे करते. पण ओरखडे? मी गुडघ्यांवर बसून अर्धा तास शोधले. कुठे रेघ वाटायची, कुठे नुसती भेग. ज्यासाठी आले तेच दिसेना. भाची शांतपणे बाजूला उभी राहिली, घाई केली नाही, याबद्दल मी तिची फार ऋणी आहे.

तिथून ई-७५ महामार्गाने पूर्वेकडे निघालो. हा रस्ता भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटावरून निघतो आणि इथे वार्डोला संपतो. वाटेत मॉर्टेन्सनेसला थांबलो. दहा हजार वर्षांच्या वस्तीच्या खुणा एकाच उतारावर. घरांचे जमिनीतले खळगे जितके वर, तितके जुने. मला हे फार आवडलं. बर्फाचं ओझं वितळून गेल्यावर दबलेली जमीन हळूहळू वर उठत राहिली, समुद्र खाली सरकला आणि माणसं किनाऱ्यामागोमाग खाली उतरत आली. उतार चढत गेलं की आपण काळात मागे जातो. असं काही शिकवायला मिळालं असतं तर मी आणखी दहा वर्षं शिकवलं असतं.

वार्डो हे गाव एका बेटावर आहे. १९८२ मध्ये खुल्या झालेल्या, समुद्राच्या तळाखालच्या बोगद्यातून तिथे जायचं. झाड असं नाहीच, सगळीकडे वारा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या होर्नोया बेटाच्या कड्यावर हजारो पक्षी पाहिले, पफिन तर हाताच्या अंतरावर. पण मला लिहायचंय ते वार्डोतल्या स्टाइल्नेसेट स्मारकाबद्दल.

सतराव्या शतकात या फिनमार्क भागात ९१ जणांना चेटूक केल्याच्या आरोपावरून मारण्यात आलं. बहुतेक बायका, काही सामी पुरुष. त्यांचं स्मारक २०११ मध्ये किनाऱ्यावर उभं राहिलं. वास्तुविशारद पेटर झुमथोर यांनी लाकडी चौकटींत टांगलेली सव्वाशे मीटर लांबीची कापडी खोली केली आहे. आत अंधार. ९१ लहान खिडक्या, प्रत्येकीत एक दिवा आणि शेजारी त्या माणसाची हकिगत. शेजारच्या काचेच्या दालनात शिल्पकार लुईज बुर्जुआ यांची जळती खुर्ची आहे, भोवती आरसे.

भाची एकेक हकिगत भाषांतर करून सांगत होती. १६१७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी अचानक वादळ आलं, दहा बोटी बुडाल्या, चाळीस माणसं गेली. एवढ्याशा वस्तीतली चाळीस माणसं. तीन-चार वर्षांनी त्या वादळाचा ठपका बायकांवर आला. पाण्यात टाकून परीक्षा घेतली जायची, आणि तरंगली तर दोषी. किर्स्टी सोरेन्सदातर हिला १६२१ मध्ये जाळलं.

वाऱ्याने कापड हलत होतं. मला सारखा तो खडक आठवत होता. त्याच्याबद्दल अजून वाद आहे. चिखल-दगडांचा लोंढा पाण्याखालच्या उतारावरून घसरत आला असेल तरी असे ओरखडे उठू शकतात, असं काही अभ्यासक म्हणतात. बाकीचे हिमनदीच्या बाजूने आहेत. शंभरहून अधिक वर्षं माणसं तिथे जाऊन गुडघ्यांवर बसतात, मोजतात, एकमेकांना खोडून काढतात, आणि यात कुणाचंही काही बिघडत नाही. इथे एका वादळाचं कारण लोकांनी चार वर्षांत ठरवून टाकलं. मला खूप राग आला आणि रडूही आलं. भाचीने विचारलं, “बाहेर जाऊया का?” मी म्हटलं, “नको. सगळ्या वाचू.” दोन तास लागले.

परतीच्या रात्री सव्वाशे किलोमीटर मागे येऊन आम्ही पुन्हा कार्लेबोत्नला थांबलो. मध्यरात्रीचा सूर्य उत्तरेला, क्षितिजाच्या जेमतेम वर होता. प्रकाश आडवा, खडकाला जवळजवळ घासत येणारा. भाचीच म्हणाली, “मावशी, हे बघ.”

रेघा होत्या. दुपारी जिथे मी हात फिरवला होता तिथेच, प्रत्येकीच्या एका काठावर सावली धरून. आणि एका दिशेने नाही, दोन दिशांनी, एकमेकींना छेदत जाणाऱ्या. फळ्यावर मी सव्वीस वर्षं एकाच दिशेच्या काढल्या होत्या.