युरियाच्या गतीनं

निकेल नायट्रेट आणि युरियाचं हिरवं द्रावण वॉटर बाथमध्ये ९० अंशांवर ठेवलं होतं, आत स्टीलची पट्टी उभी सोडलेली. सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे वीज साठवणाऱ्या साधनासाठी, या पट्टीवर निकेल ऑक्साइडचा थर धरवायचा होता. बराच वेळ झाला तरी द्रावण नितळच. प्रकल्पासाठी आलेली एमएस्सीची विद्यार्थिनी अस्वस्थ झाली.

‘‘मॅडम, काहीच होईना झालंय. थोडा कॉस्टिक सोडा घालू काय?’’

मी वेगळ्या बीकरमध्ये घालून दाखवलं. थेंब पडताक्षणी हिरवा गाळ फुटला आणि गोळे होऊन तळाला बसला. पट्टीवर काही धरलं नाही. अल्कली एकदम वाढली की असंख्य स्फटिक एकाच वेळी जन्मतात आणि वाढायला कुणालाच निकेल पुरत नाही.

‘‘युरिया म्हणजे उसाला घालतो तोच?’’

तोच, फक्त जास्त शुद्ध. तिच्या शिरोळकडच्या रानात मातीतलं युरिएज नावाचं विकर त्याचा अमोनिया करतं. बीकरमध्ये ते काम उष्णता करते, तेही सावकाश. त्यामुळे पीएच, म्हणजे द्रावणाचा अल्कलीपणा, हळूहळू चढतो आणि मोजकेच स्फटिक पट्टीवर धरतात. पट्टीवर आधी धरतं ते निकेल हायड्रॉक्साइड, मुळात थराथरांचं. थराच्या कडांना नवे अणू चटकन जोडले जातात, सपाट अंगावर कमी. म्हणून जाडी न वाढता पापुद्रे पसरत जातात. मला या रसायनशास्त्रात सगळ्यात आवडतं ते हेच: पापुद्र्याला आकार आपण देत नाही, तो घडायला फुरसत देतो.

संध्याकाळपर्यंत पट्टीवर एकसारखा पोपटी थर आला. मग भट्टीत ३०० अंश, मिनिटाला २ अंशांनी चढवत. घाईनं तापवलं की थर सुटून येतो. या तापमानाला थरांत अडकलेलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात, त्यांच्या जागी छिद्रं राहतात आणि मागं उरतं निकेल ऑक्साइड. पट्टी काळपट झालेली बघून तिचा चेहरा उतरला. कमी तापमानाला केलेलं निकेल ऑक्साइड असंच दिसतं, हे सांगितल्यावर जिवात जीव आला.

विद्यापीठात एसईएम केलं, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी बघितली, तेव्हा पडद्यावर पट्टीभर उभे, एकमेकांत गुंतलेले पापुद्रे दिसले, प्रत्येकाला बारीक बारीक भोकं. ती खुर्ची पुढं ओढून एकेक भोक बघत राहिली. सुपरकपॅसिटरमध्ये कॉस्टिक पोटॅशचं द्रावण याच भोकांतून आतवर पोचतं आणि जास्तीत जास्त पृष्ठभाग कामाला येतो.

पुढची बॅच ८० अंशांवर लावायचं तिनंच ठरवलंय. युरिया आणखी सावकाश फुटला की पापुद्रे पातळ होतात की उलट जाड, हे तिला बघायचंय.